मूठभर कणीक

तो मोबाईल बंद कर, स्वरूप. गाणं वाईट आहे म्हणून नाही सांगत. चांगलंच आहे. लाखभर माणसांनी ऐकलंय म्हणतोस, ऐकलं असेल. पण अंधार पडल्यावर ते माझ्या खळ्यात वाजायला नको.

कारण पाहिजे? मुंबईहून येता, दोन दिवस राहता आणि आम्ही श्वास घेतला तरी कारण विचारता. बरं, बसा. रितेश, तू पायरीवरून उठ, इकडे भिंतीला टेकून बस. लाईट गेलीच आहे, ती काही एवढ्यात येत नाही. सांगतो. फक्त मधे हसायचं नाही. या गोष्टीत आधीच पुष्कळ माणसं हसून झाली आहेत.

हे गाणं म्हणतो तो नितेश डिंगणकर, आपल्या वरच्या वाडीतला. जयगडला बंदरावर कामाला आहे आणि जाखडीचा शाहीर आहे. जाखडी तुम्ही गणपतीत पाहिली आहे. मधे शाहीर आणि मृदंगवाला असतात, भोवतीने गडी पायात चाळ बांधून नाचतात. नितेशचा तेव्हाचा मृदंगवाला म्हणजे धाकू, माझा मावसभाऊ. ही हकीकत मला धाकूने सांगितली. धाकू जन्मात खोटं बोलला नाही असं मी म्हणणार नाही. माशाच्या वजनाबद्दल तर रोज बोलतो. पण हे तो दरवेळी जसंच्या तसं सांगतो, त्यामुळे मी त्यात एक शब्द इकडचा तिकडे करत नाही.

आधी काशीरामबुवा कोण ते समजून घ्या. तुम्हाला आठवतो तो गळ्याला फडकं बांधून ओटीवर बसलेला म्हातारा. पोरं त्यांना बघून पळायची, तुम्हीही पळालेले आहात. पण साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हाच माणूस लालबागच्या चाळीत बारीला उभा राहिला, म्हणजे दुसऱ्या शाहिराशी सामना करायला उतरला, की गिरणीतून सुटलेला आपला कोकणी माणूस जेवण सोडून धावायचा. गळा असा की मृदंग थांबला तरी नाचणाऱ्याचा पाय थांबत नसे. सगळी पदं स्वतः रचलेली. शाळा दुसरीपर्यंत.

तेव्हा एका कंपनीने त्यांची तबकडी काढली. तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची आणि बुवांचं पद होतं पाच कडव्यांचं. कंपनीच्या माणसाने घड्याळ दाखवलं आणि शेवटचं कडवं उडवलं. आता जाखडीत शेवटच्या कडव्यात काय असतं? ज्याने पद रचलं त्याचं नाव. दुसरं काही नाही. आपल्या लोकांकडे छापायला पैसा नव्हता, सही करायला कागद नव्हता, म्हणून नाव पदातच ओवून ठेवायची रीत पडली. बुवांचं कडवं असं होतं:

सड्यावरचा वारा सांगे खाडीकाठचं गाव,
काशीराम हे पद गातो, विसरू नका नाव.

नेमकं तेवढंच गेलं. तबकडीवर कागद चिकटवला त्यावर छापलं, ‘कोकणी नाचाचे गाणे’. बस. तबकडी धडाक्यात खपली. गणपतीत, लग्नात, सत्यनारायणाला, कर्ण्यावर तेच. पुढे रेडिओवर लागायला लागलं, लोकगीत म्हणून. बुवा हॉटेलात चहा पीत बसलेले असत आणि शेजारचा माणूस त्यांनाच सांगे, फार जुनं गाणं आहे हो हे, कोणी केलं देव जाणे. बुवा मान हलवत आणि चहाचे पैसे देऊन उठत. याला काय म्हणायचं? मी तर म्हणतो, त्यापेक्षा माणसाला थोबाडीत मारावी.

मग घशाचा आजार झाला. मुंबईच्या इस्पितळात घसा उघडला, रोग काढला आणि रोगाबरोबर आवाजही गेला. गळ्याला भोक राहिलं, श्वास तिथूनच. जीव वाचला म्हणून घरच्यांनी देवाला नारळ दिला. पुढची पस्तीस वर्षं तो माणूस ओठ हलवायचा आणि भोकातून वारा यायचा. सूं… खर्र… सूं… खर्र. बस एवढंच.

त्यांची मुलगी सखू लवकर विधवा झाली आणि हेदवीहून माहेरी येऊन राहिली. तिला बापाचे ओठ वाचता यायचे. बुवा ओठ हलवत, सखू बोले. नितेश दहा वर्षांचा असल्यापासून त्या ओटीवर जायचा. सखू दबक्या आवाजात पद म्हणायची, बुवा पोराच्या पाठीवर ताल द्यायचे आणि चुकलं की कोपराच्या वर आतल्या बाजूला चिमटा. बोलता येत नाही तर माणूस काय करणार? वीस वर्षं असं शिकवलं. बदल्यात मागितलं एकच. सखूने बापाचे ओठ वाचून सांगितलं होतं, “बाबा बोलतायत, पदं घेऊन जा सगळी. पण शेवटचं कडवं कापू नको.”

नितेशने बुवांचे पाय धरून हो म्हटलं होतं.

आता पुढचं. चार वर्षांपूर्वी माघी गणपतीला आपल्या देवळासमोर नितेशची जाखडी झाली. तुझ्या मोबाईलवर आहे ती हीच. रत्नागिरीहून कॅमेरेवाले बोलावले होते. पुढच्या रांगेत खुर्चीवर काशीरामबुवा, अंगावर शाल, बाजूला सखू. नितेश काय गायला म्हणून सांगू. पहिली चार कडवी झाली आणि बुवा खुर्चीत पुढे सरकले. साठ वर्षांपूर्वी तबकडीवरून जे कडवं उडवलं होतं ते आता कॅमेऱ्यासमोर वाजणार होतं. आणि नितेश गायला,

नितेश हे पद गातो, विसरू नका नाव.

बुवा उठून उभे राहिले. हात वर केला. ओठ हलत होते आणि गळ्यातून सूं… सूं… सूं… जोरात. गाणं थांबलं. सगळे बघायला लागले. नितेश काय करणार, कॅमेरा चालू. तो माईकमध्ये म्हणाला, “बुवांची शिट्टी झाली गो सखूताई, कुकर उतरव.”

हसलं ना सगळं गाव. देवळासमोर माणसं पोट धरून हसली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बुवांनी वर केलेला हात खाली घेतला. मग बसले. शाल नीट केली. आणि शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

होळीच्या आधीच ते गेले. खांदा द्यायला नितेश पुढे होता.

धाकूने त्याला एकदा विचारलं, “नाव कशाला बदललंस रे?” तर म्हणाला, “धाकूकाका, बुवांचं नाव आता कोण वळखतंय? माज्या नावावर मला चार बाऱ्या मिळतील. त्यांना काय मिळणार हाय?” हिशेब चुकीचा नव्हता. म्हणून तर जास्त ओंगळ.

त्याच सालच्या गौरीजागराची रात्र. गौरी दुपारी जेवल्या आणि रात्री सड्यापलीकडच्या, म्हणजे वरच्या कातळमाळापलीकडच्या गावात नितेशची बारी लागली होती. नितेशचा फड कलगीचा, समोर तुऱ्याचा नावाजलेला शाहीर, विठू म्हणून. आठ दिवस पाऊस लागून त्या दिवशी उघडला होता. अष्टमीचा अर्धा चंद्र, सड्यावर गुडघाभर गवत, रस्ता ओला पण स्वच्छ. मंडळी टेम्पोने निघाली. थट्टामस्करी चालली होती. धाकूने सहज मृदंगावर थाप मारली आणि म्हणाला, “अरे, कणीक खय हाय?”

मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, मगच तो घुमतो. नाहीतर नुसता डबा वाजतो. नितेशच्या बायकोने, अक्षयाने, कणीक मळून डब्यात घालून ठेवली होती आणि डबा घरी चुलीपाशीच राहिला. परत फिरावं तर उशीर. पुढे सड्यावर घर म्हणाल तर एकच. काशीरामबुवांचं.

नितेश म्हणाला, राहू दे, तिकडे गेल्यावर कोणाकडे मागू. गडी म्हणाले, समोरच्या पार्टीकडे कणीक मागणार? बारीआधीच? अब्रू जाईल. एक जण म्हणाला, जा की रे, तुज्या गुरूचंच घर. पुन्हा सगळे हसले.

टेम्पो रस्त्यावर थांबला. नितेश आणि धाकू पाणंदीने निघाले. दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचा कमरभर गडगा. घरात उजेड नव्हता. पण सणाचा दिवस, दमून लवकर झोपली असेल, असं धाकूला वाटलं. ओटी सारवलेली होती. खुंटीला बुवांची शाल होती.

धाकूने हाक मारली. “सखू, ए सखू. मूठभर कणीक होवी हुती गो मृदंगाला.”

दार लागलेलंच राहिलं.

पुन्हा हाक मारली. तेव्हा आत काहीतरी सरकलं. जमिनीवर परात ओढल्याचा आवाज. मग पाणी ओतल्याचा. धाकू म्हणाला, “जागी हाय. मळतेय.”

दोघे उभे राहिले. आत अंधारात कणीक मळली जात होती. दिवा नाही. कंदील नाही. परात जमिनीवर घासत होती. थप… थप-थप… थप. थप… थप-थप… थप. धाकू वाजवणारा माणूस. त्याचा पाय आपोआप हलायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की पाय कशावर हलतोय.

ताल जाखडीचा होता.

त्याने नितेशकडे बघितलं. नितेश दाराकडे बघत होता. मोबाईलची बॅटरी चालू होती, ती त्याने पायाशी धरली होती. दारावर मारायला त्याचा हात होईना.

थप… थप-थप…

थांबलं.

दार बोटभर उघडलं. मग वीतभर. आतून हात आला. सागाचं पान, त्यावर कणकेचा गोळा. हात खूप खाली होता. म्हणजे देणारं माणूस उभं नव्हतं… बसलेलं होतं.

“घे,” धाकू कुजबुजला.

नितेश वाकला. पान घेतलं. हात मागे गेला नाही. तो पुढे आला. नितेशच्या मनगटावरून वर… कोपरावरून वर… आतल्या बाजूला. आणि थांबला.

नितेशने तोंड उघडलं. ओरडला नाही.

मग आतून आलं. अगदी हळू. दमलेला माणूस सोडतो तसं.

सूं…

दार लागलं.

दोघे टेम्पोत येऊन बसले. कोणीतरी विचारलं, दिली का रे सखूने? नितेश दंड चोळत होता. धाकू म्हणाला, “दिली.” काय बोलणार दुसरं? त्याने मला विचारलं, तू असतास तर काय बोलला असतास? धाकूने कणीक मृदंगाला थापली. गारठा होता, सडा ओला होता, आणि कणीक कोमट होती.

बारीला माणूस मावत नव्हता. गौरी सजवलेल्या, मांडव भरलेला. विठू शाहीर आधी गायला आणि खाली बसताना रिवाजाप्रमाणे सवाल टाकून गेला, सांग तुझं नाव काय, सांग तुझा गुरू कोण. यात खोडी काहीच नव्हती. प्रत्येक बारीत हा सवाल असतो आणि त्याचं उत्तर शेवटच्या कडव्यात द्यायचं असतं.

नितेश उठला. धाकू म्हणतो, असा गळा त्याचा कधीच लागला नव्हता. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कारण हा आवाज त्यांनी पूर्वी ऐकलेला होता. चाळीत. लालबागला. मृदंग असा घुमत होता की धाकूला वाटलं आपण वाजवत नाही, आपले हात कोणीतरी उचलतंय. आणि प्रत्येक थापेनंतर डाव्या तोंडातून वारा येत होता. त्याच्या मांडीवर. श्वासासारखा.

चार कडवी झाली.

सड्यावरचा वारा सांगे खाडीकाठचं गाव…

नितेशने तोंड उघडलं.

सूं.

लोकांना वाटलं माईक गेला. त्याने माईक ठोकला. माईक चालू होता. पुन्हा ओळ घेतली. वारा सांगे, गाव, सगळं खणखणीत. मग ओठ हलले…

सूं.

मागून एक पोरगं ओरडलं, “शिट्टी झाली.” आणि मांडव हसला. समोरची पार्टी हसली. नितेशचेच गडी, चाळ बांधून उभे होते ते, तेही खाली बघून हसले.

तेव्हा नितेश गुडघ्यावर बसला. धाकू त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्याने स्पष्ट बघितलं, नितेश आता स्वतःचं नाव घेत नव्हता. ओठ वेगळे हलत होते. का… शी… राम. पुन्हा. का… शी… राम. घामाने निथळत होता. सुटायला बघत होता बिचारा.

सूं… खर्र…

तेही मिळालं नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी धाकू सखूला विचारायला सड्यावर गेला. दाराला बाहेरून कुलूप. सखू गौरी यायच्या आधल्या दिवशीच हेदवीला दिराकडे गेली होती, घर तेव्हापासून बंद. मृदंगावरची कणीक चार दिवसांनीही ओलीच होती. धाकूने मृदंग खाडीत सोडला आणि त्यानंतर वाद्याला हात लावला नाही.

नितेशने रत्नागिरीत डॉक्टर केले. घशात नळी घालून बघितलं, घसा लहान मुलासारखा स्वच्छ. आणि बोलतो सगळं. भांडतो, शिव्या देतो, गातो तर पूर्वीपेक्षा गोड. फक्त ती दोन नावं नाहीत. बंदराच्या गेटवर नवा माणूस आला आणि नाव विचारलं की हा खिशातून कार्ड काढून दाखवतो. ग्रामदेवीला कौल लावला. गुरवाने त्याच्या वतीने नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं. फुलं सकाळपासून संध्याकाळपर्यंत देवीच्या अंगाला चिकटून राहिली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही, पण डावं नाही की उजवं नाही.

शेवटी तो सखूकडे गेला. धाकूला सोबत नेलं. ओटीवर पाय धरायला वाकला तर ती मागे सरकली. म्हणाला, “सखूताई, माजं चुकलं. बुवांची माफी मागायची हाय. पण नाव येत नाय गो तोंडात.”

सखू तांदूळ निवडत होती. म्हणाली, “नुसतं ओठ हलव. मी पस्तीस वर्सं वाचलंय. वाचीन.”

नितेश उभा राहिला, डोळे मिटले आणि ओठ हलवले. एकदा, दोनदा, तीनदा. डोळ्यांतून पाणी येत होतं. धाकूसारख्या अडाण्यालाही ते नाव वाचता आलं. सखूने अगदी शेवटपर्यंत बघितलं. मग सूप उचललं आणि म्हणाली, “काय समजलं नाय.”

आणि आत गेली.

यात कोण वाईट ते तुम्ही ठरवा. माझं ठरत नाही. नितेशने जे केलं ते केलं, त्याची फेड झाली असं म्हणून मीही गप्प बसलो असतो. पण अजून थोडं आहे.

नितेशची मुलगी वेदिका, ती जागराच्या वेळी पाळण्यात होती. महिन्याभराची. घरी झोपलेली. ना ती सड्यावर गेली, ना मांडवात. तिला बोलायला उशीर झाला नाही की काही नाही, उलट चिमणीसारखी बडबडते. नितेशला ती बाबा म्हणते, सगळी पोरं म्हणतात तसंच. यंदा जूनमध्ये तिला अंगणवाडीत घातली. तेजस्वीबाई पहिल्या दिवशी सगळ्या पोरांना उभं करून पूर्ण नाव म्हणायला लावतात. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे काय, आपलं, बापाचं, मग आडनाव. अक्षयाने तिला आठ दिवस पाठ करून घेतलं होतं. घरी म्हणताना मधला शब्द ती गिळायची, अक्षयाला वाटायचं लहान आहे.

धाकूची नात त्याच अंगणवाडीत आहे, तो तिला सोडायला गेला होता. दारातच उभा होता.

बाई म्हणाल्या, “सांग बाळा, तुझं नाव काय?”

“वेदिका,” ती म्हणाली. खणखणीत.

मग तिने ओठ हलवले.

मग म्हणाली, “डिंगणकर.”

बाईंना वाटलं लाजते आहे. जवळ घेतलं, विचारलं, “आईचं नाव?”

“अक्षया.”

“शहाणी. आणि बाबांचं?”

पोरीने तोंड उघडलं. हसत होती. तिला वाटत होतं आपण बरोबर सांगतोय… बाईंनी कान जवळ नेला. पोरगी पुन्हा पुन्हा सांगत होती. पुन्हा पुन्हा. आणि नुसत्या वाऱ्याने बाईंच्या कानाजवळचे केस हलत होते.